पेनड्राइव्हकडून करून घ्यायची कामं: गाणी आणि पिक्चरच्या पुढची

मराठवाड्यात पेनड्राइव्ह अजून रिटायर झालेला नाही. सगळं आता क्लाउडवर असतं, असं शहरातले लोक सांगतात. आमच्याकडं तालुक्याच्या गावाबाहेर पडलं की रेंज जाते आणि आभाळ भरून आलं की लाईट जाते. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात, महा ई-सेवा केंद्रात, लग्नाच्या फोटोवाल्याकडं आणि सप्ताहाच्या मांडवात अजून पेनड्राइव्हच फिरतो. पण बहुतेकांच्या लेखी त्याला एकच काम येतं: इथून उचलायचं, तिथं टाकायचं. त्यामुळं घराघरांत टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ८ आणि १६ जीबीचे दोन-तीन पेनड्राइव्ह नुसते पडून असतात.

२००० साली बाजारात आलेल्या पहिल्यावहिल्या पेनड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी. आजच्या फोनवर काढलेले दोन-तीन फोटो टाकले की तो भरला असता. त्या मानानं ड्रॉवरमधला तुमचा ८ जीबीचा ‘जुना’ पेनड्राइव्ह म्हणजे मोठीच इस्टेट आहे. त्याच्याकडून काय काय करून घेता येतं ते पुढं सांगतो. माझा आग्रह एकच आहे: एका पेनड्राइव्हला एकच काम द्या. लेकराबाळांचे फोटो ज्याच्यात, तोच झेरॉक्सच्या दुकानात आणि त्याच्यातच विंडोज टाकायची फाइल, असं झालं की घोटाळा ठरलेला. मागं पांढरी चिकटपट्टी लावून पेननं नाव घाला: ‘झेरॉक्स’, ‘कागदपत्रं’, ‘दुरुस्ती’, ‘भजन’.

आधी माल पारखून घ्या

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तो घेऊ नका. त्यात चिप असते १६ किंवा ३२ जीबीची आणि ती कंट्रोलरमार्फत कॉम्प्युटरशी खोटं बोलते. पहिल्या काही फाइली नीट बसतात. खरी जागा संपली की पुढच्या फाइलींची नुसती नावं दिसतात, उघडायला गेलं की काहीच नसतं. लग्नाचा अख्खा व्हिडिओ असा गेलेली घरं आहेत.

तपासणं सोपं आहे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे. पेनड्राइव्ह रिकामा करून लावा, सॉफ्टवेअर उघडा, भाषा इंग्रजी निवडा, पेनड्राइव्हचा ड्राइव्ह दाखवा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. ते सगळी जागा भरून पुन्हा वाचून बघतं. शेवटी हिरवं आलं तर माल खरा, लाल आलं तर दुकानदाराकडं परत. सेकंदाला १० एमबीच्या वेगानं लिहिणारा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह नुसता भरायलाच पावणेदोन तासांच्या वर जातात, वाचायचा वेळ वेगळा. म्हणून रात्री लावून झोपलेलं बरं, आणि शक्यतो लॅपटॉपवर, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी काम अडत नाही.

दुसरी गोष्ट फॉरमॅटची, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीची. फॅट-३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस ही अशाच पद्धतींची नावं. पिक्चर टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा मेसेज आला की पेनड्राइव्ह भरला असं लोकांना वाटतं. जागा असते, पण पेनड्राइव्ह फॅट-३२ असतो आणि फॅट-३२ मध्ये ४ जीबीची एक अख्खी फाइल मावत नाही. त्यावर उपाय एक्सफॅट. माझा ठोकताळा असा: गाडीचा टेप, ब्लूटूथ स्पीकर, जुना टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांना फॅट-३२, लॅपटॉप, नवा टीव्ही, नवा फोन यांना एक्सफॅट. एनटीएफएस विंडोजमध्ये छान चालतं, पण बरेच फोन ते वाचत नाहीत. पेनड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी फॅट-३२ चा पर्यायच दाखवत नाही. तिथं रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा, ते मोठ्या पेनड्राइव्हलाही फॅट-३२ करून देतं. रुफस नाहीतरी पुढं लागणारच आहे.

विंडोज चालू होईना, पण आतल्या फाइली पाहिजेत

पेनड्राइव्हचं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि नेमकं हेच कमी लोकांना माहीत आहे. लॅपटॉप चालू करावा तर निळी स्क्रीन येते, नाहीतर कंपनीचं चिन्ह गरागरा फिरत राहतं. दुकानात नेला की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘विंडोज टाकावं लागंल, डाटा जाईल.’ प्रोजेक्ट रिपोर्ट, दुकानाचा हिशोब, सोसायटीची यादी सगळं सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर. अशा वेळी बहुधा फक्त विंडोज बिघडलेलं असतं, हार्ड डिस्क ठणठणीत असते. पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात, हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता. मी यासाठी लिनक्स मिंट वापरतो. फुकट आहे, आणि दिसायला विंडोजसारखंच असल्यामुळं नवखा माणूस बावरत नाही.

लागतं काय? चालू असलेला दुसरा कॉम्प्युटर, ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह आणि फाइली उतरवायला दुसरा मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क.

१. चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम बांधलेली एकच फाइल) उतरवून घ्या. ती तीन जीबीच्या आसपास असते. फोनच्या डाटावर उतरवणार असाल तर आधी दिवसाचा कोटा बघा. लॅपटॉप जुना आणि रॅम कमी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

२. रुफस उघडा. वरच्या रकान्यात पेनड्राइव्ह निवडा, ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ फाइल दाखवा, बाकीच्या सेटिंगला हात न लावता ‘स्टार्ट’ दाबा. मध्ये एक प्रश्न येईल, तिथं ‘रेकमेंडेड’ लिहिलेला पर्याय ठेवा. या पायरीला पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. वरच्या रकान्यातलं नाव दोनदा वाचा. शेजारी दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तो आधी काढून घ्या.

३. बंद पडलेल्या लॅपटॉपला हा पेनड्राइव्ह लावा. पॉवरचं बटण दाबल्या दाबल्या बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून चालू करायचा त्या यादीची) की टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोला साधारणपणे एफ-१२, एचपीला एस्केप आणि मग एफ-९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ-१२ च, पण तो पर्याय काही वेळा आधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. यादी आली की त्यातून यूएसबी निवडा.

४. पुढच्या मेनूत ‘स्टार्ट लिनक्स मिंट’वर एंटर मारा. जुन्या पेनड्राइव्हवरून चालू व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, तोवर काही दाबू नका.

५. डेस्कटॉप आला की त्यावर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं एक चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही. त्यानं हार्ड डिस्कवर नवी सिस्टीम बसते आणि आपल्याला तर आतलं वाचवायचंय.

६. फाइलींचं फोल्डर उघडा. डाव्या बाजूला हार्ड डिस्क दिसेल. तिच्यावर क्लिक करून ‘यूजर्स’मध्ये जा, तिथं तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. हवं ते निवडा, कॉपी करा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करा.

७. कॉपी संपली की दुसऱ्या पेनड्राइव्हवर ‘इजेक्ट’ दाबा, मग लॅपटॉप बंद करा. वाचवलेल्या फाइली चालू कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय विंडोज टाकायला होकार देऊ नका.

अडचणी तीन ठिकाणी येतात. डिस्क ‘फक्त वाचता येईल’ असं सांगते: विंडोज अर्धवट झोपेत बंद झालेलं असतं म्हणून. आपल्याला वाचायचंच आहे, कॉपी होते. दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावायच्या विंडोजच्या सोयीची. नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः विंडोज ११ असलेल्यांत, हार्ड डिस्क पुष्कळदा मालकाला पत्ताही नसताना कुलूपबंद असते. तिथं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केला होता त्या खात्यात, फोनवरून लॉगिन करूनही, ती सापडते. म्हणून ते खातं आणि त्याचा पासवर्ड आजच कुठंतरी लिहून ठेवा. लॅपटॉप दुकानदारानं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिला असेल तर किल्लीही त्याच्याच खात्यात गेलेली असणार. खातं बदलून घ्या. तिसरी अडचण: डिस्क दिसतच नाही, किंवा आतून टकटक आवाज येतो. आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. ते घरी करायचं काम राहिलेलं नाही, डाटा रिकव्हरीवाल्याकडंच न्यावं लागतं.

या पेनड्राइव्हचा आणखी एक उपयोग. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी चांगले लॅपटॉप त्यामुळं भंगाराच्या वाटेवर आहेत. असा लॅपटॉप असेल तर याच पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा: वायफाय सापडतंय का, प्रिंटर चालतोय का, आवाज येतोय का. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट (अक्षरांची मांडणी) जोडता येतो, लिपिक भरतीच्या टायपिंगवाल्या पोरांना तो ओळखीचाच आहे. सगळं पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि तेही फाइली बाहेर काढून ठेवल्यावर. श्रीलिपीवर चालणाऱ्या डीटीपीच्या दुकानाला मात्र मी हा सल्ला देणार नाही. ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, उगीच धंदा अडायचा.

दोन-तीन सिस्टीम एकाच पेनड्राइव्हवर हव्या असतील तर रुफसऐवजी व्हेंटॉय वापरा. व्हेंटॉय एकदा बसवलं की आयएसओ फाइली साध्या कॉपी-पेस्टनं टाकायच्या. चालू करताना ते यादी दाखवतं, हवी ती निवडायची. दुरुस्तीचं काम करणाऱ्या पोरांना ३२ जीबीचा असा एक पेनड्राइव्ह खिशात पुरतो.

पासवर्ड विसरायच्या आधी

विंडोजला लोकल खातं असेल, म्हणजे ईमेल न देता नुसतं नाव आणि पासवर्ड ठेवला असेल, तर पेनड्राइव्हची किल्ली बनवता येते. पेनड्राइव्ह लावा. स्टार्टच्या शोधात ‘पासवर्ड रीसेट’ टाइप करा, ‘क्रिएट अ पासवर्ड रीसेट डिस्क’ असं येईल. त्यातून पुढं जा, पेनड्राइव्ह निवडा, चालू पासवर्ड टाका. पेनड्राइव्हवर एक छोटी फाइल तयार होते, आतलं दुसरं काही पुसलं जात नाही. पुढं कधी पासवर्ड विसरलात की चुकीचा पासवर्ड टाकून एंटर मारा, खाली ‘रीसेट पासवर्ड’ येईल. पेनड्राइव्ह लावून नवा पासवर्ड ठेवा. मधल्या काळात पासवर्ड दहा वेळा बदलला असला तरी हीच किल्ली चालते. विसरल्यावर मात्र ही किल्ली बनवता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करणाऱ्यांना ती लागूच नाही. किल्ली ज्याच्या हातात त्याला तुमचा कॉम्प्युटर उघडता येतो, तेव्हा ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. कपाटात ठेवा.

रिकव्हरी ड्राइव्हही, म्हणजे बिघडलेलं विंडोज पुन्हा बसवायचा पेनड्राइव्ह, असाच आगाऊ बनवून ठेवायचा. १६ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावून शोधात ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ टाका, ‘बॅकअप सिस्टीम फाइल्स’ची खूण तशीच ठेवा आणि चालू द्या. एक-दोन तास सहज जातात. यात विंडोज वाचतं, तुमच्या फाइली वाचत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.

घरची कागदपत्रं कुलपात

आमच्या भागात घरातल्या ट्रंकेतल्या कागदांना सध्या फार किंमत आली आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार तर होतेच. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, १९५४ चं खासरा पत्रक, मोडी नाहीतर उर्दूतला निजामकाळातला एखादा कागद, हे सगळं पुन्हा बाहेर निघालं. हे कागद हाताळून हाताळून फाटतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर कागद बरोबर न्यावेत तर कोपीत (झोपडीत) भिजतात आणि घरी ठेवावेत तर ऐनवेळी हाताशी नसतात. एकदा नीट स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवले की मूळ कागद ट्रंकेत शांत राहतात. स्कॅन ३०० डीपीआयवर घ्या, जुना पिवळा कागद असेल तर रंगीत. मोडी कागद काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई सोडून देतात आणि मग वाचणाऱ्यालाही लागत नाहीत. फाइलला नाव देताना ‘स्कॅन ००१’ असं ठेवू नका. गाव, गट नंबर, कुणाचा कागद, कोणतं वर्ष हे नावातच घाला.

आता कुलूप. आधार, पॅन, पासबुक असलेला पेनड्राइव्ह उघडा ठेवणं धोक्याचं आहे. विंडोज प्रो असेल तर पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ करा, पासवर्ड द्या, रिकव्हरी की कागदावर छापून ठेवा. असा पेनड्राइव्ह विंडोज होमवर उघडतो, फक्त बनवायला प्रो लागतं. बहुतेकांच्या लॅपटॉपवर होमच असतं. त्यांनी व्हेराक्रिप्ट घ्यावं, तेही फुकट आहे.

व्हेराक्रिप्टमध्ये ‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबा आणि पहिलाच पर्याय ठेवा, म्हणजे एका फाइलीच्या आत तिजोरी तयार होईल. ‘सिलेक्ट फाइल’मध्ये पेनड्राइव्ह दाखवून एखादं साधं नवं नाव द्या. आधीपासून असलेली फाइल दाखवलीत तर ती पुसली जाईल. एन्क्रिप्शनचे पर्याय आहेत तसे ठेवा. आकार विचारेल तिथं २ जीबी द्या, कागदांना भरपूर झाले. फॅट-३२ वर ४ जीबीच्या पुढं जाता येणार नाही हे वर आलंच आहे. मग लांब पासवर्ड. घरातल्यांना लक्षात राहील असं चार-पाच शब्दांचं वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं बरं. शेवटी तो माउस हलवायला सांगतो, पट्टी हिरवी होईपर्यंत हलवा आणि ‘फॉरमॅट’ दाबा. त्यानं पेनड्राइव्ह पुसला जात नाही, फक्त तिजोरीची फाइल बनते. पुढं उघडताना व्हेराक्रिप्टमध्ये एखादं ड्राइव्हचं अक्षर निवडायचं, तिजोरीची फाइल दाखवायची, ‘माउंट’ दाबून पासवर्ड द्यायचा. काम झालं की ‘डिस्माउंट’ किंवा ‘अनमाउंट’. पासवर्ड विसरला तर कंपनी, सायबर कॅफे, भाचा कुणीही उघडू शकत नाही. तो कागदावर लिहून मूळ कागदांच्याच ट्रंकेत ठेवा. ट्रंक उघडणाऱ्याच्या हाती तसेही सगळे कागद आहेतच.

जाता जाता ग्रामपंचायतीवाल्यांसाठी: सरपंच आणि ग्रामसेवकांकडं असलेलं डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे डीएससी, दिसायला अगदी पेनड्राइव्हसारखं असतं. ते पेनड्राइव्ह नाही. त्यात फाइली टाकता येत नाहीत, आणि सॉफ्टवेअरनं त्याला ‘इनिशिअलाइज’ केलं तर आतली सहीच पुसली जाते. ते टोकन आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या टेबलावर सोडून जाणारे सरपंच कमी नाहीत. कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्यातलाच प्रकार आहे तो. ग्रामपंचायतीचे पैसे त्याच सहीनं निघतात.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह

हा सगळ्यात छोटा आणि स्वस्त ठेवा. त्यात फक्त आज छापायची पीडीएफ असावी. दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात अख्ख्या बाजाराचे पेनड्राइव्ह लागून जातात, त्यामुळं शॉर्टकट व्हायरस तिथं कायमचा मुक्कामी असतो. घरी येऊन बघावं तर सगळ्या फोल्डरच्या जागी बाणाची चिन्हं, किंवा पेनड्राइव्हच्या आत आणखी एक पेनड्राइव्ह. लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि फाइली घालवून बसतात. खरं तर फाइली कुठंच गेलेल्या नसतात. व्हायरसनं त्या लपवून त्यांच्या जागी स्वतःचे शॉर्टकट ठेवलेले असतात, आणि त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो.

म्हणून शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तरी काही दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’वरची खूण काढा. आता फिकट रंगाची खरी फोल्डरं दिसतील. काही वेळा सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेलं असतं. त्यातल्या ओळखीच्या पीडीएफ, फोटो, वर्डच्या फाइली तेवढ्या कॉम्प्युटरवर कॉपी करा. अनोळखी नावाची एकही फाइल घेऊ नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर विंडोज डिफेंडरचा ‘फुल स्कॅन’ लावा आणि ती खूण परत होती तशी करा. याच व्हायरसमुळं माझं म्हणणं आहे की कागदपत्रांचा पेनड्राइव्ह दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायचाच नाही.

रेंज नसलेल्या शाळेसाठी ग्रंथालय

वाडी-तांड्यावरच्या पुष्कळ शाळांत कॉम्प्युटर आहे, नेट नाही. तिथं किविक्स कामाला येतं. अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून नेटशिवाय वाचता येतो, शोधासकट. तालुक्याच्या गावी चांगलं नेट असेल तिथं किविक्सच्या साइटवरून विंडोजसाठीचं किविक्स आणि मराठी विकिपीडियाची झिम फाइल (तीच ती बांधलेली फाइल) उतरवा. किविक्स झिप फाइलीत येतं, ते पेनड्राइव्हवरच उलगडा आणि शेजारी झिम फाइल ठेवा. शाळेच्या कॉम्प्युटरवर काहीही इन्स्टॉल न करता तिथूनच चालू होतं. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास आहे, त्याचा हट्ट धरू नका; किविक्सच्या यादीत विकिपीडियाचे निवडक विषयांचे लहान संच आणि पीएचईटीची विज्ञानाची सिम्युलेशन्स मिळतात, ती घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट ठेवा, काही झिम फाइली ४ जीबीच्या पुढं जातात. बालभारतीच्या साइटवरून सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्याही याच पेनड्राइव्हवर इयत्तावार फोल्डर करून टाका. लातूर-नांदेडला नीटच्या क्लासला गेलेल्या पोरांच्या खोलीवरही हा पेनड्राइव्ह चालतो, आणि त्यात रील्स नसतात.

भजनं उलटसुलट का वाजतात

सप्ताहात स्पीकरला पेनड्राइव्ह लावला की काकड्याच्या वेळी हरिपाठ आणि हरिपाठाच्या वेळी गवळण लागते. नावापुढं ०१, ०२, ०३ घालूनही सुधारत नाही. कारण असं की स्वस्तातले स्पीकर आणि गाडीचे टेप नाव बघत नाहीत. फाइली पेनड्राइव्हच्या यादीत ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं ते वाजवतात. उपाय दोन. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून पहिली फाइल आधी, मग दुसरी, मग तिसरी अशी एकेक कॉपी करा. किंवा फाइली पुष्कळ असतील तर ड्राइव्हसॉर्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं आतली यादीच नावाप्रमाणं लावून घ्या. गाणी एमपी-३ मध्येच ठेवा, इतर प्रकार अशा यंत्रांना झेपत नाहीत. १२८ केबीपीएसच्या एमपी-३ ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे ८ जीबीत १३० तासांहून जास्त मावतं. सात दिवसांच्या अखंड सप्ताहाला थोडंच कमी पडतं.

टीव्हीचं थोडक्यात: डीडी फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्सला मागं किंवा पुढं यूएसबीची जागा असते आणि रिमोटवर रेकॉर्डचं बटण. फॅट-३२ चा पेनड्राइव्ह लावून सह्याद्रीवरचा कार्यक्रम भरून ठेवता येतो. काही बॉक्सवरचं रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर वाजतं. घरच्या वायफाय राउटरला यूएसबी असेल तर तिथं पेनड्राइव्ह लावून घरातल्या सगळ्या फोनना एकच फोल्डर दाखवता येतं, नेट बंद असलं तरी.

फोन दुरुस्तीला टाकण्याआधी

एका बाजूला टाइप-सी असलेला पेनड्राइव्ह किंवा साधी ओटीजी पिन (फोनला पेनड्राइव्ह जोडायची पिन) घ्या. फोनला लावून काहीच झालं नाही तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ शोधा; ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या फोनमध्ये ते हातानं चालू करावं लागतं आणि न वापरल्यास दहा मिनिटांत आपोआप बंद होतं. फाइल्स अ‍ॅपमधून ‘डीसीआयएम’ हे फोल्डर कॉपी करा, कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो तिथं नसतात, आणि लोकांची तिथंच फसगत होते. ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर, असे आत दडलेले असतात. ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’च करा. पेनड्राइव्हवर फोटो उघडून बघितले की मगच फोनमधले पुसा.

उन्हाळा, आणि पेनड्राइव्ह दुसऱ्याला देताना

पेनड्राइव्हमधली माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत अडवून ठेवलेला विजेचा भार. तो वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतो आणि उष्णतेनं लवकर झिरपतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत, शेतातल्या आखाड्यावर, बंद जीपच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. तिथं पेनड्राइव्ह ठेवू नका. कागदपत्रांचा पेनड्राइव्ह सहा महिन्यांतून एकदा लावून फाइली उघडून बघा, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं किंवा हार्ड डिस्कवर असू द्या. जी वस्तू फक्त पेनड्राइव्हवरच आहे ती गेलेलीच धरा.

चुकून फाइल पुसली गेली तर त्या क्षणापासून पेनड्राइव्हवर काहीही लिहू नका. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली बऱ्याचदा परत काढतं. काढलेल्या फाइली मात्र कॉम्प्युटरवर ठेवायच्या, त्याच पेनड्राइव्हवर नाही.

ज्या युक्तीनं तुमची फाइल परत मिळते, तीच युक्ती तुमचा पेनड्राइव्ह विकत घेणाऱ्यालाही येते. म्हणून जुना पेनड्राइव्ह कुणाला देताना नुसतं डिलीट पुरत नाही. फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढा आणि मग स्टार्ट दाबा. त्यानं विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. वेळ लागेल, लागू द्या. ज्या पेनड्राइव्हवर आधार आणि पासबुक कुलपाशिवाय राहिलं होतं तो मी कुणाला देतच नाही, पक्कडीनं चिप मोडून टाकतो.